सजवलेला रेझ्युमे पोर्टलवर चढवल्यावर काय होते: काही महिन्यांच्या वापरानंतर

वाळूजमधील नोकरी सांभाळून मी शेंद्रा आणि चाकण येथील कंपन्यांच्या गुणवत्ता विभागांत ऑनलाइन अर्ज करत आहे आणि त्यासाठी रेझ्युमे बनवून देणाऱ्या एका संकेतस्थळाची वार्षिक योजना घेतली आहे. नमुने किती, रंग कोणते, ही माहिती सर्वांना असतेच. रेझ्युमे देखणा होतो आणि छपाईही स्वच्छ येते.

माझी तक्रार दोन स्तंभांच्या मांडणीविषयी आहे. कंपनीच्या पोर्टलवर पीडीएफ चढवली की नाव, शिक्षण, अनुभव हे रकाने बहुधा आपोआप भरले जातात आणि यंत्राने आपल्या कागदातून नेमके काय वाचले, ते तिथेच उघडे पडते. माझ्या अनुभवाच्या रकान्यात ‘क्वालिटी इन्स्पेक्टर मराठी हिंदी वाळूज इंग्रजी’ असा मजकूर उतरला, कारण डाव्या पट्टीतील भाषा आणि उजवीकडील अनुभव एकाच ओळीत वाचले गेले. ‘सर्टिफाइड’ या इंग्रजी शब्दातील एफ आणि आय ही अक्षरे त्या शोभिवंत फॉन्टमध्ये जोडून येतात; मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये टाकला, तर ती दोन्ही गळालेली दिसली. भरती करणाऱ्याने तोच शब्द टाकून अर्ज शोधले, तर माझा अर्ज त्याच्यासमोर येणार कसा? पैसे भरण्यापूर्वी प्रत्येकाने मोफत नमुन्यावर ही नोटपॅडची परीक्षा अवश्य घ्यावी.

ग्राहकसेवेला मी स्क्रीनशॉटसह सविस्तर लिहिले. उत्तर आले की, एका स्तंभाचे नमुने वरच्या योजनेत आहेत, तरी फरकाची रक्कम भरावी. यंत्राला सरळ वाचता येईल अशी पीडीएफ देणे हे या धंद्याचे पहिले काम आहे आणि त्यासाठी पगारदार माणसाकडून दुसऱ्यांदा पैसे मागणे मला अजिबात पटलेले नाही.

त्या रागात मी हा नमुना पूर्ण निकामी ठरवला होता. परंतु छत्रपती संभाजीनगरमधील रोजगार मेळाव्यानंतर ते मत थोडे बदलले. तिथे कागद थेट माणसाच्या हातात जातो, आणि टेबलापलीकडील अधिकाऱ्यांनी डावी पट्टी पाहूनच पहिला प्रश्न विचारला. त्यांनी बोट ठेवले ते मात्र ‘मोजमाप, ८० टक्के’ या रंगीत पट्टीवर: ८० टक्के म्हणजे नेमके काय येते? प्रश्न रास्त होता. ती पट्टी काढून मी तिथे ‘सीएनसी लेथवरील शाफ्टच्या पहिल्या नगाची तपासणी, ०.०१ मिलिमीटर लीस्ट काउंटच्या मायक्रोमीटरने’ असे लिहिले. आमच्या क्षेत्रात अर्ज उठून दिसतो तो अशा ओळीने, आणि ती यंत्रालाही वाचता येते.

पोर्टलसाठीचा रेझ्युमे आता मी लिबरऑफिसमध्ये, एकाच स्तंभात, फुकट तयार करतो. रकाने बिनचूक भरले जातात. सजवलेली प्रत मेळाव्यापुरती ठेवली आहे आणि तेवढ्यासाठी त्यांची मोफत योजना पुरते. वार्षिक योजना घेताना यूपीआय ऑटोपे सुरू होते, हे ध्यानात असू द्यावे. रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येणे बंधनकारक आहे, मात्र तिची वाट न पाहता आपल्या यूपीआय ॲपमधूनच ते रद्द करता येते. मी ते रद्द केले आहे.