आठ महिने वापरला: ब्राउझरचाच सजवता येणारा ड्रॉपडाउन

शेतकऱ्यांच्या नोंदणीचा एक फॉर्म मी सांभाळतो. त्यातल्या जिल्हा आणि तालुक्याच्या ड्रॉपडाउनसाठी आधी जावास्क्रिप्टची एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होती. दिसायला देखणी, पण केंद्रावरच्या ऑपरेटर ताई माउसला हात लावत नाहीत. टॅब, बाण, एंटर यांवरच त्यांचं काम चालतं. त्या ड्रॉपडाउनपाशी आलं की टॅब कुठे जायचा ते कळायचं नाही. पॉपअपमध्ये तर यादीचा खालचा भाग कापला जायचा.

एप्रिल 2025 मध्ये क्रोम 135 आलं आणि साधा सिलेक्टच, म्हणजे ब्राउझरचा स्वतःचा ड्रॉपडाउन, हवा तसा सजवायची सोय झाली. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये, 'अपिअरन्स: बेस-सिलेक्ट' लिहायचं, सिलेक्टला आणि त्याच्या पिकरलाही, म्हणजे उघडणाऱ्या यादीलाही. फक्त सिलेक्टला लिहिलं तर बटण बदलतं, यादी जुनीच राहते. यात माझी एक संध्याकाळ गेली. आता टॅब सरळ चालतो. यादी पानाच्या सगळ्यात वरच्या थरात उघडते, त्यामुळे पॉपअपमध्येही कापली जात नाही.

मला खरा आनंद दिला तो जिल्ह्यांच्या नावांनी. 2023 मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण लोकांच्या जुन्या कागदांवर जुनंच नाव आहे. आता पर्यायात वर ठळक 'धाराशिव' आणि खाली बारीक अक्षरात 'उस्मानाबाद' दिसतं. निवडलं की बटणावर फक्त नवं नाव राहतं, कारण 'सिलेक्टेडकंटेंट'मध्ये, म्हणजे निवडलेला पर्याय बटणावर दाखवणाऱ्या भागात, ती बारीक ओळ मी लपवली आहे. एवढ्यासाठी पूर्वी किती कोड लिहावा लागायचा! ओळीची उंचीही आपल्या हातात आली, त्यामुळे रफार आणि वेलांट्या वरून कापल्या जात नाहीत. 'छत्रपती संभाजीनगर' रुंदीत बसत नव्हतं, तेही आता दोन ओळींत नीट बसतं.

एक ठेच मात्र लागली. ज्या ब्राउझरला हे कळत नाही, तो पर्यायाच्या आतले टॅग (मांडणीच्या खुणा) काढून टाकतो आणि नुसता मजकूर दाखवतो. फॉर्म अडत नाही, ही मोठीच गोष्ट. पण एका जुन्या फोनवर 'धाराशिवउस्मानाबाद' असं सलग नाव दिसलं. दोन्ही नावांच्या मध्ये तिरकी रेघ घातली, नव्या ब्राउझरमध्ये ती लपवली, तेव्हा कुठे जमलं. तुम्ही करणार असाल तर हे पहिल्याच दिवशी जुन्या फोनवर तपासा.

एकाच वेळी अनेक पर्याय निवडायचे असतील तर हे चालतं का ते आधी तपासा. क्रोम 135 मध्ये ती सोय नव्हती, आणि पिकांच्या निवडीसाठी मी चेकबॉक्सच ठेवले. यादीत शोधायची चौकटही नाही. 36 जिल्ह्यांना तिची गरज पडत नाही, जिल्हा निवडल्यावर तालुकेही मोजकेच उरतात, नाशिकचे 15. पण गावांची यादी शंभराच्या वर गेली की बाण दाबून दाबून बोटं दुखतात, म्हणून गावासाठी टाइप करून सुचवणारी साधी डेटालिस्ट ठेवली आहे. जुनी लायब्ररी गेल्या महिन्यात प्रोजेक्टमधून काढून टाकली.