जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर, की दोन्ही नवे?

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या गेमिंगवाल्या मंडळींत अजूनही बी४५० मदरबोर्ड आणि एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर हीच जोडी जास्त दिसते. गेम अडखळायला लागले की दोन वाटा समोर येतात.

एक, बोर्ड तोच ठेवून रायझन ७ ५७००एक्स३डी बसवणं. कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, ८; पण खरी गंमत ९६ एमबी एल३ कॅशेची, म्हणजे चिपमधल्याच वेगवान मेमरीची. गेमला वारंवार लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता चिपमध्येच सापडतो, म्हणून जुन्या डीडीआर४ रॅमचा संथपणा फारसा जाणवत नाही. मात्र जुना प्रोसेसर लावलेला असतानाच बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून घ्या, नाहीतर स्क्रीन काळीच राहायची. सोबत कूलर येत नाही. रायझन ३६००सोबत आलेला तो बुटका कूलर नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पुरणार नाही; उंच टॉवर कूलरचे पैसे धराच.

दुसरी वाट रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्डाची. कोअर ६च, पण प्रत्येक जास्त वेगवान. ६५ वॅट, कूलर खोक्यातच. डीडीआर५ रॅम सक्तीची, खर्च तिथेच फुगतो. एएम५ सॉकेटमुळे (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) पुढे नुसता प्रोसेसर बदलता येईल. अंगभूत ग्राफिक्सही आहे, कार्ड दुरुस्तीला गेलं तरी कॉम्प्युटर चालू राहतो.

माझा कौल? बोर्ड धड असेल आणि ५७००एक्स३डी रास्त भावात, वॉरंटीसह मिळाला तर पहिली वाट. एम. जी. रोडच्या दुकानांत विचारून पाहा. नसेल, तर वापरलेल्या चिपमागे धावण्यापेक्षा एएम५ घ्या. ग्राफिक्स कार्डच जुनं असेल, तर मात्र आधी तेच बदला.