मॅन्युअलही आगोटीतलंच: क्यूजीआयएसची माहिती कुठे आणि कशी शोधावी

मे उजाडला की कोकणात आगोटीची धावपळ सुरू होते. मीठ, मसाला, सुकी मासळी, सोलं, सगळं मृगाआधी घरात. गेली काही वर्षं माझ्या यादीत क्यूजीआयएसचं मॅन्युअलही असतं. नकाशाचं हे मोफत सॉफ्टवेअर आता बागांच्या मोजणीला, पऱ्यांच्या म्हणजे ओढ्यांच्या नोंदीला, गावाच्या आराखड्याला इथे बरेच जण वापरू लागलेत. शिकताना अडलं की नेमकं कुठे शोधायचं, हे नव्याने सुरुवात करणारे मला हमखास विचारतात. मार्ग चार आहेत आणि चारही मी पुरेसे वापरले आहेत.

तुलनेसाठी इथला नेहमीचा प्रश्न घेऊ: किनाऱ्यापासून ५०० मीटरचा पट्टा नकाशावर काढायचा आहे. सीआरझेडच्या, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राच्या, २०१९च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून जमिनीकडे ५०० मीटर हेच अंतर येतं, म्हणून हे काम किनाऱ्यावरच्या गावांत कधी ना कधी निघतंच. अधिकृत रेषा सरकारी नकाशाचीच, आपला पट्टा फक्त अंदाजासाठी.

पहिला मार्ग, मॅन्युअलच्या संकेतस्थळावरची शोधपेटी. तिथे ‘स्ट्रिप ५०० मीटर’ असं इंग्रजीत टाकलंत तर कामाचं काही मिळणार नाही. ही पेटी फक्त शब्द जुळवते. तुम्ही दिलेले सगळे शब्द एकाच पानावर असतील तरच ते पान दाखवते, आणि स्पेलिंग चुकलं तर सुधारून घेत नाही. पण शब्द बरोबर असेल तर हिच्याइतकं नेमकं काही नाही. आपल्याला हवा असलेला शब्द आहे ‘बफर’, म्हणजे एखाद्या रेषेभोवती ठरावीक अंतराचा पट्टा. उत्तराचं पान मात्र लांबलचक असतं. व्हेक्टर जॉमेट्रीच्या एकाच पानावर कितीतरी अवजारं, म्हणजे टूल्स, एकाखाली एक आहेत, म्हणून पान उघडल्यावर ब्राउझरमध्ये कंट्रोल-एफ करून पुन्हा तोच शब्द शोधायचा. नवखे इथेच कंटाळून पान बंद करतात, ते करू नका.

दुसरा मार्ग गूगल. इंग्रजीत ‘साइट’ लिहून लगेच कोलन, मधे जागा न सोडता मॅन्युअलचा पत्ता, आणि मग आपला प्रश्न. गूगल स्पेलिंग सांभाळून घेतं, ‘पट्टा’ कुठल्याही इंग्रजी शब्दात मांडलात तरी बरेचदा बफरपर्यंत नेतं. धोका आवृत्तीचा. क्यूजीआयएस ३ फेब्रुवारी २०१८मध्ये आलं, तेव्हा कितीतरी खिडक्या आणि मेनू बदलले, पण त्याआधीच्या २.१८ आवृत्तीची पानं अजूनही कधीकधी समोर येतात. तुम्ही मेनू शोधत बसता आणि तो तुमच्या पडद्यावर नसतोच. पत्त्यात आवृत्तीचा आकडा दिसतो, तो वाचल्याशिवाय पुढचं एक अक्षरही वाचू नये.

तिसरा मार्ग सॉफ्टवेअरच्या आतच आहे आणि मला तो सगळ्यात जास्त आवडतो. कंट्रोल-के दाबलं की डावीकडे खाली एक छोटी पेटी उघडते. तिथे अवजाराचं नावच आठवायला हवं असं नाही, ‘डिस्टन्स’ टाकलं तरी बफर यादीत येतं. म्हणजे अडलेला शब्द इथे सापडतो. अवजाराच्या खिडकीत हेल्पचं बटण असतं, ते थेट मॅन्युअलच्या त्याच भागावर नेतं. एक लक्षात ठेवा: मॅन्युअल फक्त दीर्घ पाठिंब्याच्या आवृत्त्यांसाठी, म्हणजे एलटीआरसाठी, स्वतंत्र बनतं. तुमच्याकडे मधली आवृत्ती असेल तर बटण पुढच्या एलटीआरचं पान उघडतं आणि त्यात तुमच्याकडे नसलेल्या सोयीही लिहिलेल्या असतात. नकाशाचं काम नेमाने करणाऱ्याने एलटीआरच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चौथा मार्ग आगोटीचा. मॅन्युअलच्या संकेतस्थळावरून पीडीएफ किंवा एचटीएमएलची झिप, म्हणजे सगळी वेबपानं एकत्र बांधलेली फाइल, उतरवून ठेवायची. २०२१च्या मे महिन्यात तौक्ते वादळ गेल्यावर आमच्याकडे कितीतरी दिवस लाइट नव्हती, टॉवर बंद, रेंज शून्य. पडलेल्या कलमांच्या जागा फोनच्या जीपीएसवर टिपून आणल्या होत्या, लॅपटॉप जनरेटरवर चार्ज केला होता, आणि काम अडलं ते एका आकड्यावर. बफरमध्ये ५०० टाकले तर सॉफ्टवेअर मीटरऐवजी अंश धरत होतं, सगळा नकाशा व्यापून जायचा. थर, म्हणजे नकाशातला लेयर, अक्षांश-रेखांशात असला की असंच होतं. तो आधी ‘रीप्रोजेक्ट लेयर’ने मीटरच्या प्रणालीत न्यावा लागतो. आपल्या किनाऱ्यासाठी ती यूटीएम या मीटरमधल्या प्रणालीचा ४३ उत्तर विभाग, सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. मॅन्युअलमध्ये हे आहे, पण ते तेव्हा माझ्याजवळ नव्हतं. आठवडाभर हातावर हात धरून बसलो, आणि पंचनाम्यासाठी माहिती लागणारे शेजारी रोज येऊन विचारत होते.

पीडीएफ हजारहून जास्त पानांची आहे. फोनवर ठेवायला ठीक, शोधायला जड. झिप त्याहून सरस, कारण उतरवलेल्या पानांतली शोधपेटी इंटरनेटशिवायही चालते. शब्दांची यादी त्या फोल्डरमध्येच असते.

चॅटबॉटला विचारणारेही आता भेटतात. शब्द सापडत नसेल तर जरूर विचारा, मराठीतही समजतं. मेनूचा रस्ता मात्र त्याच्यावर विसंबून धरू नका. नसलेली बटणंही तो ठामपणे सांगतो.

मग घ्यायचं काय? रत्नागिरी किंवा चिपळूण शहरात बसून, चांगल्या जोडणीवर काम करत असाल तर कंट्रोल-के आणि हेल्पचं बटण एवढ्यावर बहुतेक दिवस निघतील, गूगल अडीनडीला. खाडीपलीकडच्या वाडीत असाल, किंवा पावसात शेतावर जाऊन काम करणार असाल, तर झिप आधी, बाकी सगळं नंतर. आणि दोन्ही जोडताही येतं: सेटिंग्जमधल्या ऑप्शन्समध्ये, सिस्टिमखाली, हेल्पचे मार्ग लिहायची जागा आहे. तिथे उतरवलेल्या फोल्डरचा पत्ता सगळ्यात वर टाका, ऑनलाइन पत्ता त्याखाली राहू द्या. हेल्प दाबलं की आधी तुमच्या लॅपटॉपमधलं पान शोधलं जातं, नसेल तरच बाहेरचं. हे करायला दहा मिनिटं लागतात, पण झिप उतरवायला चांगली रेंज हवी, तेव्हा जूनची वाट पाहू नका.