मराठी शाळेतली मुलगी आणि घरचं इंग्रजी, १० महिन्यांनंतर

मुलीला घरी इंग्रजी शिकवायला मागच्या जुलैत सुरू केलं, आता मे चालू आहे, म्हणजे १० महिने झाले. क्लास, ॲप वगैरे पंधरा दिवस वापरून लिहिलेले अनुभव मी पण खूप वाचले आणि त्याच्या भरवशावर पैसे घालवले, म्हणून मुद्दाम इतके दिवस थांबले.

आधी घरचं सांगते. आम्ही नागपूरला नंदनवन भागात राहतो, मुलीची आता तिसरी झाली, शाळा मराठी पण वर्ग सेमी इंग्लिशचा, म्हणजे गणित इंग्रजीत आणि बाकी सगळं मराठीत. धाकटा बालवाडीत. मी स्वतः मराठी मिडियमची, आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं, ते पहिलीपासून झालं २००० साली, त्यामुळे मला वाचता येतं, अर्ज वगैरे लिहिता येतो, पण बोलायचं म्हटलं की आधी मनात वाक्य जुळवावं लागतं. नातेवाईक दर दिवाळीला म्हणतात कॉन्व्हेंटमध्ये टाका. आम्हाला टाकायचं नव्हतं आणि अजूनही नाही.

सुरुवात कशी झाली तर गणिताच्या वहीतून. प्रश्न असा होता की १५ आंबे होते, ६ खाल्ले, हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट. पोरीने उत्तर लिहिलं शून्य. मला वाटलं वजाबाकी समजली नाही, म्हणून जवळ बसवून विचारलं तर म्हणते, आई, लेफ्ट म्हणजे डावीकडे ना, चित्रात डावीकडे आंबेच नाहीत. मग तोंडी विचारलं, १५ मधले ६ खाल्ले, किती उरले, तर लगेच नऊ. गणित येत होतं, प्रश्न कळत नव्हता. आणि वहीवर लाल फुली. त्या रात्री मला झोप आली नाही, कारण अशा किती फुल्या आधी येऊन गेल्या असतील कोण जाणे.

पहिला महिना वाया गेला. एका ऑनलाइन स्पोकन इंग्लिश क्लासला ९ हजार भरले, त्यांनी सांगितलं घरात फक्त इंग्रजी बोला, मराठी बंद. आम्ही मनापासून केलं. चौथ्या-पाचव्या दिवशी लक्षात आलं की पोरगी घरात बोलतच नाही. एरवी दप्तर टाकायच्या आधी शाळेतलं सगळं सांगणारी मुलगी जेवायला बसली की भाजीकडे नुसतं बोट दाखवायची. सासूबाई म्हणाल्या, लेकराचं तोंड बंद करून कोणती भाषा येते बाई? दुसऱ्या दिवसापासून तो नियम बंद केला. पैसे परत मिळाले नाहीत.

मग फोनिक्सकडे वळले, म्हणजे अक्षरांची नावं न शिकवता आवाज शिकवायचे. इंग्रजीत अक्षरं २६ पण आवाज ४४च्या आसपास, खरा गोंधळ तिथेच आहे. आपल्या मुलांना लिहिलं तसं वाचायची सवय असते, क म्हणजे क, त्यात बदल नाही. सुरुवात एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांपासून करतात कारण तेवढ्यातच पिन, टिन, टॅप, पॅन, नॅप, सिट असे बरेच शब्द तयार होतात आणि मुलाला पहिल्याच आठवड्यात वाटतं की मला वाचता येतं. विकतचे कार्ड महाग वाटले म्हणून मी घरात पडलेल्या लग्नपत्रिका कापून त्यांच्या कोऱ्या बाजूवर मार्करने अक्षरं लिहिली, जाड कागद आहे, अजून टिकून आहेत.

इथे एक गोष्ट नीट सांगते कारण ती मला कुठल्याच व्हिडिओत मिळाली नाही. मी कार्ड दाखवून म्हणायची प, ॲ, न, आता जोडून म्हण. ती म्हणायची पॲन, पअन, काहीही. आठ दिवस असंच. चूक माझी होती, मी पूर्ण प म्हणत होते आणि आपल्या प मध्ये अ आधीच बसलेला असतो, तो मधे येतो आणि शब्द जुळत नाही. मी पाटीवर प् लिहिला, पाय मोडून, न् पण तसाच, आणि म्हटलं आता म्हण. प्, ॲ, न्. पॅन! एकदम आलं. आणि तीच म्हणाली, म्हणजे आई इंग्रजीत सगळे पाय मोडकेच असतात का, आणि ए, ई, आय, ओ, यू त्यांना पाय लावतात? मला वाटतं मराठी शिकलेल्या मुलाला यापेक्षा सोपं कोणी समजावू शकणार नाही. ॲ आणि ऑ आपण बॅट, बॉलसाठी लिहितोच, ते तिला आधीच येत होते. अडलं व्ही आणि डब्ल्यूला, आपल्याकडे दोन्हीला व च आहे, म्हणून आरशासमोर उभं करून शिकवलं, व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, डब्ल्यूला ओठ गोल. आरशात बघायला तिला आवडतं, त्यामुळे हे लवकर झालं.

गोष्टींसाठी स्टोरीवीव्हर वापरते, मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्सवाल्यांची साइट आहे, २०१५ पासून चालू आहे, पैसे नाहीत, डाउनलोड करून प्रिंट काढायलाही परवानगी आहे. पातळ्या ठरवलेल्या आहेत, पहिल्या पातळीची गोष्ट २५० शब्दांच्या आत, दुसरी ६०० पर्यंत. माझ्यासाठी सगळ्यात कामाचं म्हणजे बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही आहेत, चित्रं तीच. रात्री मराठी गोष्ट वाचायची, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. गोष्ट माहीत असते त्यामुळे न आलेला शब्द ती चित्रावरून आणि आठवणीवरून स्वतः ओळखते. एक गोष्ट आठवडाभर, रोज १५ मिनिटं, त्याच्या वर नाही. मी सुरुवातीला रोज नवीन गोष्ट द्यायची, त्याने काहीच डोक्यात राहत नव्हतं. प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून ब्लॅक अँड व्हाइट काढते, रंग ती स्वतः भरते. आणि इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून देऊ नका, मी दोन महिने दिला, तिचे डोळे फक्त खालच्या ओळीवर असायचे, वरची ओळ ती बघतच नव्हती.

नोव्हेंबरपर्यंत ती घडाघडा वाचायला लागली आणि मी खुश. मग एक दिवस आजीला वाचून दाखवत होती, आजींना इंग्रजी अजिबात येत नाही, त्यांनी सहज विचारलं, मग काय झालं त्या पोराचं? ही गप्प. पान पूर्ण वाचलं होतं, एकही शब्द चुकला नव्हता, पण त्या पोराचं काय झालं ते तिला सांगता येईना. मला ते कळलंच नसतं कारण मला इंग्रजी येतं, मी फक्त उच्चार ऐकत होते. तेव्हापासून नियमच केला, एक पान वाचायचं आणि आजीला मराठीत सांगायचं. आजी मधेच विचारतात, मग त्याची माय काऊन रागावली? आता ही परत पानात जाऊन शोधते. या १० महिन्यांत सगळ्यात जास्त फायदा कशाचा झाला विचाराल तर याचा, आणि याला रुपया लागला नाही.

मुलाचं वाचन ऐकून चुका दाखवणारं एक ॲप पण चार-पाच महिने वापरलं. नाव लिहीत नाही. मी स्वयंपाकात असले की उपयोगाचं होतं. पण स्टार मिळतात म्हणून ती पुटपुटत पळवायला लागली, आणि शब्दावर बोट ठेवलं की फोनच वाचून देतो हे तिला दुसऱ्याच दिवशी समजलं. शिवाय आपल्या नागपूरची अडचण वेगळी, एप्रिलपासून कूलर लागला की त्या घरघरीत फोनला लेकराचा आवाज ऐकूच जात नाही, बरोबर वाचलेलंही चूक दाखवतो. सकाळी सहाला कूलर बंद करून बाल्कनीत बसवलं तर चालतं. आता आठवड्यातून एकदाच देते.

गणितासाठी बालभारतीच्या साइटवरून मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांची पुस्तकं घेतली, पीडीएफ फुकट आहेत. तेच उदाहरण दोन्हीकडे बघायचं. त्यातून एक वही केली, लेफ्ट म्हणजे उरले, इन ऑल म्हणजे सगळे मिळून, ईच म्हणजे प्रत्येकी, मोर दॅन, लेस दॅन असे तीसेक शब्द झाले. सेमीवाल्या पालकांनी बाकी काही नाही केलं तरी एवढी वही कराच, आमच्याकडे फुल्या सगळ्यात जास्त हिनेच कमी झाल्या.

बाहेरचं म्हणाल तर मेट्रो. आम्ही वैष्णोदेवी चौकातून बर्डीला म्हणजे सीताबर्डीला जातो, स्टेशनांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात. एकदा म्हणाली, आई, गणितात स्क्वेअर म्हणजे चौरस ना, मग इथे प्रत्येक चौकाला स्क्वेअर काऊन लिहून ठेवलं? आंबेडकर स्क्वेअर, अग्रसेन स्क्वेअर, दोसर वैश्य स्क्वेअर, बर्डी येईपर्यंत तिने मोजले. टेलिफोन एक्स्चेंजच्या पाटीवर पी आणि एच मिळून फ होतो हे पण तिथेच पाहिलं. घरी दहा वेळा सांगून जे राहत नव्हतं ते पाटीवर एकदा बघून राहिलं.

काय जमलं नाही ते पण सांगते. बोलणं अजून कच्चं आहे. आपण वर, खाली, मध्ये हे नावाच्या मागे लावतो म्हणून ती कॅट टेबल ऑन म्हणायची, ते आता क्वचित होतं, पण द कुठे लावायचा हे अजून समजून नाही राहिलं, मलाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही कारण मराठीत तसलं काही नाहीच. मी टोकत नाही, फक्त बरोबर वाक्य एकदा म्हणून पुढे जाते. स्पेलिंग पण मागे आहे, वॉज ती डब्ल्यू-ओ-झेड लिहिते, ऐकू येतं तसं. त्याला वेळ लागेल असं दिसतं.

शाळा जूनच्या शेवटी उघडेल. तोपर्यंत दुसऱ्या पातळीच्या चार गोष्टी काढून ठेवल्यात. धाकट्याला त्याच लग्नपत्रिकांचे कार्ड दिलेत, आणि शिकवते ती. काल कूलरसमोर बसून त्याला ओरडून सांगत होती, प नाही रे, प्, प्, पाय मोड त्याचा.