डेंग्यू आणि चिकुनगुनिया: डास एकच, दुखणी दोन

दोन्ही ताप एडिस डासच पसरवतो, तोही दिवसा चावणारा. सुरुवातही सारखीच: अचानक चढलेला ताप, डोकेदुखी, अंगावर पुरळ. पुढे मात्र वाटा वेगळ्या होतात.

चिकुनगुनिया सांधे धरतो. टांझानियातल्या माकोंडे भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच 'वाकवून टाकणारा'. २००६ च्या साथीत महाराष्ट्राने तो जवळून पाहिला. आमच्या आईचा ताप चार दिवसांत गेला, पण पुढचे तीन महिने तिला सकाळी डब्याचं झाकण फिरवता येत नव्हतं, पोळी लाटणं तर दूरच. जीव जाण्याचा धोका कमी, पण हाल फार.

डेंग्यू खरा फसवा. ताप उतरला की घरचे निःश्वास सोडतात आणि नेमके तेच एक-दोन दिवस धोक्याचे असतात. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपतो, रक्त घट्ट होतं, रक्तदाब कोसळू शकतो. सगळ्यांचं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर असतं. मला वाटतं, पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं याकडे आधी बघावं. यांपैकी काहीही दिसलं तर थेट दवाखाना गाठा. विषाणूचे चार प्रकार आहेत, त्यामुळे दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर तो जास्त गंभीर होऊ शकतो. चिकुनगुनिया सहसा पुन्हा होत नाही.

सांधे कितीही ठणकले तरी डेंग्यू नाही हे कळेपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका, रक्तस्राव वाढतो. तोवर पॅरासिटामॉलच, तेही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच.