कबाड्याकडच्या जपानी कॅसेट आणि पेरलेला माल

विदर्भातल्या आडगावी जुन्या परदेशी व्हिडिओ गेम सापडतात, ही गोष्ट खरी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण ज्यांनी मला आणि माझ्यासारख्या आणखी काही जणांना फसवलं, त्यांचा अख्खा धंदा याच खऱ्या गोष्टीच्या आडून चालतो.

नव्वदच्या दशकात आपण घरोघरी जे ‘टीव्ही गेम’ खेळलो, ते बहुतेक निन्टेंडो या जपानी कंपनीच्या ‘फॅमिकॉम’ या गेम मशीनची नक्कल होते. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आला. त्याच्या कॅसेटला ६० पिना, तर अमेरिकेत निघालेल्या एनईएसच्या कॅसेटला ७२. आपल्याकडची नकली मशीन जपानी मापाची असल्यामुळे अस्सल जपानी कॅसेट त्यात सरळ बसायची आणि चालायचीही. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा मनीष मार्केटातून येणाऱ्या ‘९९९९ इन १’च्या ढिगात एखादी खरी जपानी कॅसेट मिसळून यायची, नागपूरच्या सीताबर्डीत विकली जायची आणि तिथून मोर्शी-वरुडकडच्या एखाद्या संत्रा बागायतदाराच्या घरी पोचायची. पोरं तीवर फुंकर मारून मारिओ खेळायची, पुढे ती माळ्यावर जायची. १९९५च्या सुमारास शॉ वॉलेस कंपनीनं सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीचं गेम मशीन, मेगा ड्राइव्ह, भारतात रीतसर विकायला काढलं. ते सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं. मी आजवर पाहिलेले मेगा ड्राइव्ह वीज केंद्रांच्या आणि कोळसा खाणींच्या वसाहतींतून निघालेले आहेत. साहेबांची बदली झाली, कुणी निवृत्त झालं, की क्वार्टरमधलं सामान कबाड्याच्या हातगाडीवर चढतं.

मला स्वतःला मोर्शीत एका टीव्ही मेकॅनिककडे, स्क्रू-नटांच्या डालडाच्या डब्यात, फॅमिकॉमची अस्सल कॅसेट मिळाली होती. मागच्या बाजूला काळ्या पेनानं जपानी लिपीत नाव लिहिलेलं. जपानी पोरं एकमेकांच्यात कॅसेटची अदलाबदल करायची, म्हणून मागे आपलं नाव घालून ठेवायची. ते नाव पाहून मला जो आनंद झाला तो गेम चालवून झाला नाही. कोण कुठला पोरगा, त्याची कॅसेट सातपुड्याच्या पायथ्याशी आली. मी तो फोटो बऱ्याच जणांना मोठ्या कौतुकानं पाठवला होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता जे घडलं ते.

जुन्या गेमच्या नादी असलेल्या आम्हा लोकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप आहे. त्यात नव्यानं आलेल्या एकानं मला वेगळा मेसेज केला. परतवाड्याच्या बाजूला एका कबाड्याकडे जपानी कॅसेटचा डबा पडून आहे, मी अकोल्याला राहतो, मला जमत नाही, तुम्ही जवळ आहात, पाहून या. सोबत धूसर फोटो. फोटोत निळ्या फडक्यात गुंडाळलेल्या कॅसेट आणि एका लेबलावर ‘रेंडरिंग रेंजर आर२’.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा सुपर फॅमिकॉमचा, म्हणजे फॅमिकॉमनंतरच्या मशीनचा गेम. बनवला जर्मनीत, मान्फ्रेड ट्रेन्झ या प्रोग्रामरनं. पण कॅसेटवर तो त्या काळी निघाला फक्त जपानमध्ये, १९९५च्या नोव्हेंबरात. तोपर्यंत तिकडे प्लेस्टेशन आलेलं होतं, लोक पुढे सरकले होते, त्यामुळे प्रती थोड्याच खपल्या. आज नुसती कॅसेट, खोकं नसलेली, दहा-वीस हजारांत हाती लागत नाही. तंत्राच्या दृष्टीनं त्या मशीनवर इतकं गुळगुळीत काम फार थोड्या गेममध्ये दिसतं आणि मला तो खेळ मनापासून आवडतो. मला नेमकं काय दाखवलं म्हणजे मी गाडी काढीन, हे त्या माणसानं ग्रुपमधलं माझं जुनं बोलणं वाचून ठरवलं होतं.

कबाडी वयस्कर, भला माणूस. म्हणाला, “मले काय समजते जी त्यातलं. पोरगा ठिऊन गेला. इकलं त पाचशे देतो म्हने.” पोरगा थोड्या वेळानं आलाच. पंचविशीतला, बोलायला गोड, प्रत्येक वाक्याला भाऊ. त्याच्याकडे गोष्ट तयार होती. मामेभाऊ अलंगला जहाज तोडायच्या कामावर आहे, जपानी जहाज आलं होतं, खलाशांच्या खोलीतून हा डबा निघाला.

ही गोष्ट साफ खोटी वाटावी अशी नाही, त्यातच तिची ताकद आहे. गुजरातच्या भावनगर जिल्ह्यात अलंगच्या किनाऱ्यावर १९८३ पासून जगभरची जहाजं तोडली जातात. जहाजातल्या खुर्च्या, कपबश्या, गाद्या, टीव्ही सगळं अलंगच्या रस्त्यावरच्या दुकानांत विकायला असतं. खलाशांच्या विरंगुळ्याच्या खोलीत एखादं गेमचं मशीन असणं अगदी शक्य आहे.

पोरानं पिशवीतून सुपर फॅमिकॉम काढला, छोटा टीव्ही जोडला आणि कॅसेट चालवून दाखवली. झकास चालली. इथेच बहुतेकांचं समाधान होतं, आणि इथेच सगळ्यांनी थांबायला हवं. आजकालच्या नकली कॅसेट उत्तम चालतात. गेमची फाइल इंटरनेटवर मिळते, ती कोऱ्या फ्लॅश चिपवर चढवली की झालं. पडद्यावर जे दिसतं ते अस्सलसारखंच असतं, कारण गेम तोच असतो. कॅसेट चालते यावरून ती खरी आहे हे कधीच कळत नाही.

मी म्हटलं, उघडून पाहू. सुपर फॅमिकॉमच्या कॅसेटला साधा पेचकस लागत नाही, ३.८ मिलिमीटरचा ‘गेमबिट’ नावाचा खास पेचकस लागतो. तो माझ्या खिशात होता. पोरानं कॅसेटवर हात ठेवला. “उघडू नोका भाऊ. उघडली का भाव पडते. दुसरं गिऱ्हाईक न उघडलेलीच मांगते.” तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकरवर घेतला. पलीकडून कुणीतरी हिंदीत म्हणत होतं की रख दो, शाम को आता हूँ, बीस दूँगा. फोन खिशात टाकून पोरगा म्हणाला, “तुमी मराठी मानूस, घरचे. सोळात घेऊन जा.” मी सोळा हजार दिले. स्कॅनरवर नाव एका बाईचं आलं, तर म्हणाला आईचं खातं आहे.

घरी आल्यावर कॅसेट उघडली. आतल्या प्लास्टिकवर चहाच्या पाण्याचा ओघळ सुकला होता. जुनं प्लास्टिक पिवळं पडतं ते वर्षानुवर्षं ऊन-हवा लागून, जिथे लागली तिथेच जास्त. हे बुडवून काढलेलं होतं, त्यामुळे आतून-बाहेरून एकसारखं पिवळं. बोर्ड कोराकरकरीत हिरवा. अस्सल बोर्डावर निन्टेंडोचं नाव छापलेलं असतं आणि मोठ्या चिपवर गेमचा क्रमांक असतो, एसएचव्हीसी या अक्षरांनी सुरू होणारा. इथे चिपवरची अक्षरं घासून टाकली होती. बोटाला डाखणीची पेस्ट लागली, अजून चिकट. पिनांवर एकही ओरखडा नव्हता. तीस वर्षांत जी कॅसेट मशीनमध्ये शेकडो वेळा घातली-काढली असेल तिच्या पिनांवर उभ्या बारीक रेघा हमखास असतात. मशीन जोडून दाखवताना पडलेल्या दोन पुसट रेघा सोडल्या तर या पिना आरशासारख्या स्वच्छ होत्या.

लेबल दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सोनाराकडे नेलं. त्याच्या भिंगाखाली मोर्शीची खरी कॅसेट आणि ही शेजारी ठेवली. खऱ्या लेबलावर छापखान्याचे ठिपके फुलासारख्या नेमक्या रांगेत बसलेले दिसतात. दुसरीवर रंगाचे शिंतोडे, घरच्या इंकजेटचे. सोनार म्हणाला, “हे त पितळ निघालं जी.”

आणि मागच्या बाजूला काळ्या पेनानं जपानी लिपीत एक नाव होतं. दुकानात ते पाहून माझं मन भरून आलं होतं. भिंगातून पाहिल्यावर कळलं की हे माझ्या मोर्शीच्या कॅसेटवरचंच नाव आहे. माझ्याच फोटोवरून गिरवलेलं, एक रेघ उलट्या दिशेनं ओढून. पैशापेक्षा याचा संताप मला आजही येतो.

त्या अकोल्याच्या माणसाचा नंबर बंद. पोराचा बंद. मग मी ओळखीच्या सगळ्यांना फोटो पाठवून विचारलं आणि उत्तरं यायला लागली. आर्वीत एका रद्दीवाल्याकडे असाच डबा, निळं फडकं. दारव्ह्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तसाच डबा, तिथे जहाजाऐवजी कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बुद्धविहाराला येणाऱ्या जपानी पाहुण्यांची गोष्ट सांगितलेली. दोन्हीकडच्या कॅसेटच्या मागे तेच नाव, त्याच चुकीच्या रेघेसकट. म्हणजे हा माल सापडत नाही, पेरला जातो. आडगावचं दुकान पाहायचं, भोळा दुकानदार गाठायचा, पाचशेचं आमिष दाखवून डबा ठेवायचा, आणि मग शौकिनाच्या कानावर घालायचं की तिकडे काहीतरी पडलंय. शौकिनाला वाटतं आपण शोधून काढलं. परतवाड्याच्या त्या काकाजींना त्यांचे पाचशेही मिळाले नाहीत. उलट लोक त्यांच्याशी भांडून गेले.

या टोळीचा दुसरा प्रकार मला जास्त वाईट वाटतो. दिग्रसकडच्या एका मावशींच्या घरी त्यांच्या यजमानांनी घेतलेला मेगा ड्राइव्ह होता, खोक्यासकट, चार कॅसेटसह. ‘किंमत काढून आणतो’ म्हणून एक जण सगळं घेऊन गेला आणि आठवड्यानं परत आणून दिलं. याला भाव नाही म्हणाला. मावशींनी पुन्हा फडक्यात बांधून ठेवलं. मी पाहायला गेलो तेव्हा खोकं खरं होतं, मशीनही खरं होतं, चारही कॅसेटची कवचं त्यांचीच होती, पण आत नकली बोर्ड बसवलेले. खरे बोर्ड काढून नेले. मावशी म्हणाल्या, “यायच्या हातचं होतं बापा ते.” मला पुढे बोलता आलं नाही.

२०२१ सालच्या जुलैत अमेरिकेत ‘सुपर मारिओ ६४’ची एक सीलबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरला गेली. ती बातमी आपल्याकडे मोबाइलवरून गावोगाव फिरली आणि जुनी कॅसेट म्हणजे घबाड असं लोकांच्या डोक्यात बसलं. ती प्रत कधी न उघडलेली, दर्जा ठरवून पेटीत बंद केलेली होती. आपल्या माळ्यावरच्या, फुंकर मारून मारून वापरलेल्या कॅसेटचा तिच्याशी काही संबंध नाही. पण या बातमीमुळे विकणारा आणि घेणारा दोघेही घाईला आले, आणि घाई झाली की या लोकांचं फावतं.

म्हणून घेण्याआधी उघडून पाहाच. विकणारा उघडू देत नसेल तर उठून या. अस्सल कॅसेटची किंमत ती नीट उघडून पुन्हा बंद केल्यानं पडत नाही. जगभरातले जाणकार आत पाहिल्याशिवाय मोठी रक्कम देतच नाहीत. गेमबॉयची, म्हणजे निन्टेंडोच्या हातात धरून खेळायच्या मशीनची कॅसेट असेल तर लेबल उजेडात तिरपं धरा, अस्सल लेबलावर दाबून उठवलेले बारीक अंक दिसतात. आणि फॅमिकॉमच्या बाबतीत एक सांगतो, कारण यावरून उगाच भांडणं होतात: आत काळा गोळा दिसला म्हणजे कॅसेट नकलीच, असं नाही. काही अस्सल जपानी कॅसेटमध्येही चिप गोळ्याखाली असते. तिथे छपाई, प्लास्टिक, पिना, सगळं मिळून पाहावं लागतं. खात्यावरचं नाव समोरच्या माणसाचं नसेल तर पैसे टाकू नका, मग तो आई म्हणो की बहीण. अशी खाती भाड्यानं घेतलेली असतात.

पैसे गेलेच तर आधी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पोलीस ठाण्यात जायच्याही आधी. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता येते ती याच वाटेनं, आणि तिथे प्रत्येक तास मोजला जातो. मग लेखी तक्रार द्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आहे, पूर्वीचं ४२० तेच. ‘गेमच्या कॅसेटसाठी काय तक्रार’ असं कुणी म्हटलं तरी रेटून द्या. चॅट पुसू नका, फोटो ठेवा, कॅसेट फेकू नका, तोच पुरावा आहे.

माझी तक्रार दाखल आहे. आर्वी आणि दारव्ह्याच्या दोघांनीही आपापल्या ठाण्यात दिली, आणि तिन्ही अर्जांना त्या नावाचे फोटो जोडले आहेत. परतवाड्याच्या काकाजींनी पोराचं वर्णन लिहून दिलं, अंगठा नाही, सही करून. तुमच्या तालुक्यात कबाड्याकडे, रद्दीवाल्याकडे, मोबाइलच्या दुकानात निळ्या फडक्यातला असा डबा दिसला, तर दुकानदाराशी भांडू नका. त्याला बाजूला बसवून हे सगळं सांगा, मागच्या नावाचा फोटो काढा, आणि डबा ठेवणारा परत कधी येणार आहे एवढं विचारून घ्या.