‘ब्लॉगर’ फुकट आहे, पण दुकानदाराला परवडतं का?

ब्लॉगर ही ब्लॉग चालवायची गूगलची सेवा, तिला पैसे पडत नाहीत. होस्टिंगचं, म्हणजे साइट ठेवायच्या जागेचं, बिल नाही, दिवाळीत गर्दी वाढली म्हणून साइट झोपत नाही, अपडेट करायचं राहिलेल्या प्लगइनमधून (साइटला जोडलेल्या जादा सॉफ्टवेअरमधून) कुणी आत शिरत नाही. १९९९ मध्ये पायरा लॅब्सने सुरू केलेली आणि २००३ पासून गूगलकडे असलेली ही सेवा आता जुनाट वाटते, आणि ती जुनाट आहेच. २०२० मध्ये आतली मांडणी बदलली, त्यानंतर फारसं नवं काही आलेलं नाही. तरीही मालक, एक-दोन कामगार आणि संध्याकाळी कॉलेजातून येणारा मुलगा एवढाच कारभार असलेल्या दुकानाला आम्ही आजही आधी ब्लॉगरच सुचवू. पाचात साडेतीन गुण. दीड गुण कुठे कापला तेही पुढे येईलच.

आधी हे की दुकानाच्या ब्लॉगवर लिहायचं काय? बहुतेक ब्लॉग तिसऱ्या लेखापाशी थांबतात ते इथेच अडून. पहिला लेख ‘आमच्याविषयी’, दुसरा ‘दिवाळीच्या शुभेच्छा’, तिसरा ‘गुढीपाडव्याच्या शुभेच्छा’, आणि मग शुकशुकाट. खरं तर विषय काउंटरवर रोज चालून येतात. पुण्याच्या तांबट आळीतल्या भांडीवाल्याला गिऱ्हाईक विचारतं: तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी चालेल का? पितळी पातेल्याला कल्हई कधी करायची? याची उत्तरं दुकानदाराला तोंडपाठ असतात. कल्हई म्हणजे कथलाचा मुलामा. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामंच गॅसवर तापत राहिलं की मुलामा वितळून सरकतो. तारेच्या घासणीने घासलं की झिजतो. आतून पिवळं पितळ दिसायला लागलं की त्यात आमटी-कढी बंद, भांडं कल्हईला. झाला लेख. त्यात आपल्याच दुकानातले तीन फोटो घाला: कल्हई नवी असतानाचा, अर्धी गेलेली असतानाचा आणि पूर्ण गेलेली असतानाचा. असे फोटो दुसऱ्या कुणाकडे नसतात, आणि खरी किंमत त्यांचीच आहे.

एका पानावर एकच प्रश्न ठेवावा. तीनशे ते सहाशे शब्द पुरतात. उत्तर पहिल्या दोन वाक्यांत द्यावं, कारण फोनवर वाचणारा तिसऱ्या वाक्याची वाट पाहत नाही. दर द्यायचा तर तारखेसह द्यावा. तांब्या-पितळेचा भाव हलता असतो, आणि मागच्या वर्षीचा दर दाखवून काउंटरवर हुज्जत घालणारं गिऱ्हाईक पुण्यात कमी नाही.

आता मांडणीकडे. पहिला खर्च डोमेनचा, म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्याचा, आणि तो टाळू नये. ‘ब्लॉगस्पॉट’ची शेपूट असलेला फुकट पत्ता वापरता येतो, पण तो आपला नव्हे. गूगल बिझनेस प्रोफाइलबरोबर (नकाशावर दुकान दाखवणाऱ्या गूगलच्या नोंदीबरोबर) दुकानांना एक फुकट साइट मिळायची. ती गूगलने मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि ज्यांनी तो पत्ता खोक्यांवर, पिशव्यांवर छापून घेतला होता त्यांच्या हाती रद्दी उरली. डोमेन स्वतःचं असेल तर मागची सेवा बदलली तरी पाटीवरचा पत्ता तोच राहतो. घेताना पहिल्या वर्षाचा दर पाहून भुलू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. आणि ते मालकाच्या ईमेलवर, मालकाच्या नावानेच नोंदवा. भाच्याने किंवा साइट करून देणाऱ्याने स्वतःच्या खात्यावर घेतलेलं डोमेन ही या धंद्यातली सगळ्यात नेहमीची फसगत. भांडण लागतं नाहीतर भाचा बंगळुरूला जातो, आणि नूतनीकरणाची सूचना कुणालाच पोहोचत नाही. देवनागरीतलं ‘डॉट भारत’ २०१४ पासून मिळतं. पाटीवर देखणं दिसतं, पण तो पत्ता सगळीकडे नीट चालतोच असं नाही. हौस म्हणून जोडीला घ्या, एकमेव पत्ता म्हणून नको.

डोमेन जोडण्याचं काम अर्ध्या तासाचं आहे, फक्त चुकायच्या जागा ठरलेल्या आहेत. सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेनखाली डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह पूर्ण पत्ता टाकायचा. ब्लॉगर लगेच लाल अक्षरांत तक्रार करतं. घाबरू नये, त्याच तक्रारीत डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये भरायच्या दोन सीनेम नोंदी (हा पत्ता कुठल्या पत्त्याकडे न्यायचा ते सांगणाऱ्या ओळी) दिलेल्या असतात. पहिली सगळ्यांना सारखीच: नावाच्या रकान्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, समोर ‘जीएचएस डॉट गूगल डॉट कॉम’. दुसरी प्रत्येक ब्लॉगची वेगळी, ती जशीच्या तशी चिकटवायची. डोमेन विकणाऱ्याच्या पॅनलमध्ये नावाच्या रकान्यात पूर्ण पत्ता लिहिला तर बऱ्याच ठिकाणी डोमेन दोनदा जोडलं जातं आणि जोडणी होत नाही. तिथे फक्त पुढचा तुकडाच लिहायचा. मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूशिवाय पत्ता टाइप करणाऱ्यांसाठी चार ए-नोंदी (पत्ता थेट आकड्यांकडे नेणाऱ्या ओळी): २१६.२३९.३२.२१, आणि तिसरा आकडा ३४, ३६, ३८ असा बदलून बाकीच्या तीन. विकणाऱ्याने आधीच टाकून ठेवलेली ‘पार्किंग’ची ए-नोंद काढायला विसरू नका. ती राहिली तर निम्म्या लोकांना दुकान दिसतं आणि निम्म्यांना जाहिराती. शेवटी ‘रीडायरेक्ट डोमेन’ आणि एचटीटीपीएसची दोन्ही बटणं चालू करायची. सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र ब्लॉगर फुकट देतं, पण ते यायला कधी थोडा वेळ लागतो. तेवढ्यात दिसणाऱ्या इशाऱ्यावरून सगळ्या नोंदी पुन्हा उचकटू नयेत.

आता तो कापलेला दीड गुण. मराठीसाठी ब्लॉगरचा सगळ्यात मोठा दोष पत्त्याचा आहे. शीर्षक देवनागरीत असेल तर ब्लॉगर त्यातलं काहीच उचलत नाही आणि ‘ब्लॉग-पोस्ट’, पुढे ‘ब्लॉग-पोस्ट अंडरस्कोर बारा’ असे बिननावाचे पत्ते तयार करतं. चाळीस लेखांनंतर कुठला पत्ता कशाचा हे मालकालाही ओळखता येत नाही. उपाय एकच: प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या पर्मालिंकमध्ये (लेखाच्या पत्त्याच्या रकान्यात) ‘कस्टम’ निवडून रोमन लिपीत दोन-तीन शब्द टाकायचे, मध्ये आडवी रेघ. आधी, कारण एकदा प्रकाशित झालेला पत्ता बदलायला लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला जुना दुवा मरतो.

ब्लॉगरला पर्याय असलेलं साइट बनवायचं सॉफ्टवेअर वर्डप्रेस देवनागरी पत्ता ठेवतं, पण तिथे दुसरं दुखणं आहे. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या सामायिक संगणकी पद्धतीच्या) साठवणीत तीन बाइटचं, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन खुणांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ खुणा, आणि काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. वर्डप्रेसमध्ये या तुकड्याला २०० खुणांची मर्यादा आहे, त्यामुळे बाविसाव्या चिन्हाच्या आसपास शीर्षक मध्येच तुटतं, आणि दुवा कॉपी करून पाठवला की समोरच्याला टक्क्यांची रांगोळी दिसते. तेव्हा दोन्हीकडे पत्ता रोमन, मजकूर मराठी, हेच बरं.

ब्लॉगरचा दुसरा दोष म्हणजे पत्त्यात वर्ष आणि महिना घुसतो आणि तो काढता येत नाही. ‘परदेशी फराळ पाठवायची शेवटची तारीख’ हा लेख दरवर्षी लागणारा. त्याच्या पत्त्यात जुनं साल दिसलं की वाचणारा बिचकतो, आणि दरवर्षी नवा लेख केला तर गूगलमध्ये जुनाच वर येत राहतो. यावर तोड अशी की दरवर्षी लागणारा मजकूर ‘पोस्ट’ म्हणून नव्हे तर ‘पान’ म्हणून करायचा. पानाच्या पत्त्यात साल येत नाही, फक्त ‘पी’ आणि नाव. तेच पान दरवर्षी ऑगस्टअखेर दुरुस्त करायचं: नवा दर, नवी तारीख, कुरियरचे नवे नियम. ऑक्टोबरात लिहायला बसलात तर गूगलला ते सापडेपर्यंत अनारसे संपलेले असतात. पानांना लेबलं (विषयवार खुणा) मात्र लावता येत नाहीत आणि ती पहिल्या पानावरच्या यादीतही येत नाहीत, म्हणून वरच्या मेनूत त्यांचा दुवा हाताने द्यावा लागतो.

नव्या साच्यांपैकी कॉन्टेम्पो बहुतेक जण निवडतात, दिसायला स्वच्छ आहे. फोनवर मात्र बाजूच्या पट्टीतला पत्ता, वेळ आणि फोन नंबर तीन रेघांच्या मेनूमागे दडतो. म्हणून प्रत्येक लेखाच्या शेवटी दोन ओळी हाताने टाका: जवळची खूण, दुकानाची वेळ आणि दाबला की लागणारा फोनचा दुवा. व्हॉट्सअ‍ॅपचा दुवा करताना ९१ आणि लगेच दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, शून्य, मोकळी जागा काही नको. आणि दुकान दुपारी एक ते चार बंद असेल तर तसं स्पष्ट लिहा. पुण्यात त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, हेलपाट्याचं वाटतं.

मजकूर युनिकोडमध्ये हवा. वर्षानुवर्षं छपाईचं काम श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत करून घेणाऱ्या दुकानांकडे जुनी पत्रकं असतात. ती तशीच चिकटवली तर पानावर अगम्य चिन्हं उमटतात. आधी युनिकोड करून देणाऱ्या परिवर्तकातून काढा आणि मग ‘दुसऱ्या’, ‘र्‍ह’ असले शब्द डोळ्यांनी तपासा, कारण मोडतं ते नेमकं तिथेच. फोनवर बोलून टाइप करणं हल्ली बरंच चांगलं जमतं. विरामचिन्हं तेवढी नंतर घालावी लागतात. फोटो फोनवरून थेट चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेल, वजन दोनशे केबीच्या आत, आणि फोटोच्या पर्यायी मजकुरात (फोटो दिसला नाही तर वाचला जाणाऱ्या) साधं वर्णन.

शोधणारे लोक तीन तऱ्हेने शोधतात: इंग्रजीत, देवनागरी मराठीत आणि रोमन लिपीतल्या मराठीत. रोमन मराठीसाठी वेगळं पान करू नका. पत्त्यातला तो रोमन तुकडा आणि मजकुरात एखादा प्रचलित इंग्रजी शब्द एवढं ठेवा. सेटिंग्जमध्ये ‘शोध वर्णन’ (गूगलच्या निकालात दुव्याखाली दिसू शकणारा मजकूर) मुळात बंद असतं. ते चालू केल्यावरच प्रत्येक लेखात वर्णनाचा रकाना उगवतो. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइट शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या सेवेत) डोमेन नोंदवून साइटमॅप, म्हणजे लेखांच्या पत्त्यांची यादी, द्या, पानांसाठी ‘साइटमॅप-पेजेस’ वेगळा. तिथे लोकांनी नेमकं काय टाइप केलं ते १६ महिने मागेपर्यंत दिसतं, आणि पुढचे विषय त्यातूनच मिळतात. ब्लॉगरच्या स्वतःच्या आकड्यांवर विसंबू नये. त्यात यंत्रांच्या भेटीही मिसळतात, आणि दिवसाला तीनशे भेटी पाहून मालक उगाच खूश होतो.

मग वर्डप्रेस कुणी घ्यावं? ज्याला ऑनलाइन विक्री, बिल, साठा असं सगळं एकत्र हवंय आणि ज्याच्याकडे महिन्यातून एकदा अपडेट आणि बॅकअप पाहणारा माणूस आहे, त्याने. तसा माणूस नसेल तर स्वस्त होस्टिंगवर वीस-पंचवीस प्लगइन घातलेली साइट वर्षभरात एकतर रखडते, नाहीतर तिच्यात भलत्याच औषधांच्या जाहिराती दिसायला लागतात.

गूगल बिझनेस प्रोफाइल हा पर्याय नव्हे, जोडीदार आहे, आणि ते आधी करावं. नकाशावर दुकान तिथूनच दिसतं. तिथल्या पोस्टला १,५०० अक्षरांची मर्यादा, दुकानाच्या वर्णनाला ७५०. त्यात कल्हईचं सगळं मावत नाही, म्हणून दोन ओळी तिथे आणि दुवा ब्लॉगच्या पानाचा. दुकानाच्या नावात ‘पुण्यातील सर्वोत्तम’ वगैरे घुसडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पाटीवर आहे तेच नाव द्या. इन्स्टाग्रामच्या मजकुरातला दुवा दाबता येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपची ब्रॉडकास्ट यादी २५६ जणांची, तीही ज्यांनी तुमचा नंबर साठवलाय त्यांनाच पोहोचते. दोन्ही वापरा, पण मूळ मजकूर स्वतःच्या पत्त्यावर ठेवून.

महिन्याला आठ लेखांची ‘पॅकेजं’ विकत घेऊ नका. ‘तांबे हा एक महत्त्वाचा धातू आहे’ असं सुरू होणारं काहीही तुमच्या दुकानात पाऊल आणणार नाही. महिन्याला एक, पण काउंटरवरचा, एवढा वेग पुरे. अडीच-तीन तास जातात, आणि तोच या फुकट सेवेचा खरा खर्च.

शेवटी कुलूप-किल्ल्यांचं पाहा. ब्लॉग एकाच जीमेलवर ठेवू नका. सेटिंग्जमधून घरातल्या दुसऱ्या माणसाला निमंत्रण पाठवून त्याला प्रशासक करा, कारण खातं हरवलं तर दाद मागायला गूगलची खिडकी नाही. दर तीन महिन्यांनी ‘बॅकअप’मधून फाइल उतरवून ठेवा. तिच्यात लेख येतात, फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे दुवे. फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये, लेखाच्या नावाने. पुढे वर्डप्रेसवर जायचं ठरलंच तर तिथे पर्मालिंकचा साचा वर्ष, महिना, नाव आणि शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ असा ठेवला की जुन्या लेखांचे दुवे चालू राहतात. पानांचे मात्र एकेक करून वळवावे लागतात.